धाकट्या गाडीचा आवाज

दादानं गाडी घेतली ती लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर तो एका जुनाट मोटारसायकलवर फिरायचा. क्लासची पोरं ती लांबून ओळखायची आणि हसायची. लातुरात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला त्या काळात कशाचीच कमतरता नव्हती. त्याच्या हाताखाली शिकवायला लागलेल्यांनीही मोठमोठ्या गाड्या दारात उभ्या केल्या होत्या आणि हा आपला खडूनं माखलेल्या शर्टात किका मारत बसायचा. मी नांदेडहून फोन करून त्याला टोचायचे, "दादा, तुझ्यापेक्षा तुझ्या पोरांच्या मेसवाल्याची गाडी बरी हाय." तो म्हणायचा, "त्याला डबे पोचवायचे असतात बाई, मला फक्त डोकं न्यायचंय."

गाड्यांचं वेड नव्हतं असं मात्र अजिबात नाही. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाला एकच धड रस्ता होता आणि आमचं घर त्या रस्त्याला लागून. संध्याकाळी वडील ओट्यावर बसले की दादा त्यांच्याकडे पाठ करून डोळे मिटायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही जीप, हा पाटलांचा ट्रॅक्टर, हा साखर कारखान्याचा ट्रक. वडील "बरोबर" म्हणायचे. चुकला तरी कधीकधी बरोबरच म्हणायचे. आई आतून ओरडायची की पोराला अभ्यास करू द्या. मी लहान होते, मला त्या खेळात घ्यायचे नाहीत. त्याचा राग मला अजून आहे.

मग भूकंप झाला आणि वडील गेले. दादा तेव्हा बारावीला, लातुरात मित्रांबरोबर खोली करून राहिलेला. गावात आई होती आणि मी होते. आम्ही दोघी दाराजवळ निजलो होतो म्हणून राहिलो. वडील आतल्या दगडी भिंतीपाशी होते. दादा पोचला तेव्हा रस्त्याकडेला ओट्यांच्या खुणासुद्धा उरल्या नव्हत्या. त्यानंतर त्यानं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर व्हायचं होतं, ते सोडून दिलं. शिकवण्या धरल्या, मला मास्तरीण केलं, माझं लग्न लावून नांदेडला धाडलं, मग आपलं लग्न केलं आणि पत्र्याच्या घरातून आईला लातूरला आणलं. हे सगळं त्यानं तोंडातून चकार शब्द न काढता केलं. कधी हसायचा, पण ते समोरच्यासाठी.

म्हणून गाडीचं नाव काढलं तेव्हा आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. तो पुण्याला जाऊन गाडी बघून आला आणि फोनवर किती वेळ बोलत राहिला. गाडी सेडान होती, बसकी, पळायला बनवलेली. तिच्यात दोन प्रकार. एक साधा आणि दुसरा कंपनीनंच जास्त ताकदीचं इंजिन, मोठे ब्रेक आणि वेगळी चाकं घालून बनवलेला. अंगाबांध्यानं दोघी सारख्या. मी त्यांना धाकटी आणि थोरली म्हणायला लागले आणि मग घरात तीच नावं पडली. मी म्हटलं, "दादा, आयुष्यात एकदाच घेतोयस, थोरलीच घे." त्याला ते पटेना. धाकटी घ्यायची आणि तिला आपण थोरली करायचं, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

यात कंजुषी नव्हती. त्याचं जगणंच तसं होतं. लातुरात मोठे क्लासवाले दहावीला चमकलेली पोरं उचलायचे आणि त्यांचे फोटो चौकात लावायचे. दादा रिपीटर पोरांची बॅच घ्यायचा, एकदा नापास झालेली, घरी तोंड दाखवायला लाजणारी, चाकूर-रेणापूरकडची, उमरीकडची पोरं. "हुशार पोरगं घेऊन त्याला हुशार करण्यात मास्तरानं काय केलं?" असं तो म्हणायचा. "बेस पक्का पायजे. मग एकेक गोष्ट नीट बसवत न्यायची. पोरगं कुठल्या कुठं जातंय." गाडीचंही त्यानं तेच ठरवून टाकलं. थोरलीत त्याच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं कंपनीनं.

धाकटी आली. थोडे दिवस सरळ चालवली आणि मग दर सुट्टीला तो तिला हैदराबादच्या एका गॅरेजात न्यायला लागला. आधी इंजिनाचा कॉम्प्युटर नव्यानं भरून घेतला, त्याला रिमॅप म्हणतात. मग हवा खेचायचं काहीतरी बदललं. मग स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली, इतकी की रेणापूर नाक्यावरच्या गतिरोधकावर ती पोटानं घासायची आणि दादा दात आवळायचा. शेवटी सायलेन्सर बदलला. फोनवर म्हणाला, "बाई, आता ये. आता तिला आवाज आलाय."

मी दिवाळीला गेले. दुपारची वेळ होती. वहिनी अंगणात करंज्यांचं पीठ चाळत होत्या, मी स्वैपाकघरात आईजवळ. आई भाकरी थापत होती. गल्लीच्या तोंडाशी काहीतरी घुमायला लागलं. आधी कानाला कळलं नाही, पायांना कळलं. फरशीतून वर येत होतं. मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागल्या, आणि फळीवर आईनं उपड्या पेल्यावर ठेवलेला तांब्या किणकिणला. हा तांब्या आमच्याकडच्या सगळ्या घरांत असायचा. भूकंपानंतर लोक निजताना असं भांड्यावर भांडं ठेवायचे, जमीन हलली तर पडून जाग यावी म्हणून. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं. आईनं सोडलं नाही.

तांब्या वाजला आणि आई उठली. तिचे गुडघे दुखायचे, उठायचं तर ती माझा हात मागायची. त्या दिवशी मागितला नाही. पिठाचे हात तसेच, पदर खांद्यावरून गळलेला, चपला न घालता ती पुढच्या दारानं थेट फाटकापर्यंत गेली. तेवढ्यात दादाची गाडी आत वळली. त्यानं काच खाली केली. त्याचं तोंड मी पाहिलं. ओट्यावर डोळे मिटून बसणाऱ्या पोराचं तोंड होतं ते. मी ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहत होते.

"बघितलं का बाई?" तो मला म्हणाला. "रोज येती. हातातलं टाकून येती. तिला लांबूनच कळतंय."

आई हसली. पिठाचा हात बोनेटवर ठेवायला गेली आणि मागं घेतला. मी तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता.

दादा क्लासला गेल्यावर मी तिला विचारलं. आधी तिनं उडवून लावलं. मग तव्यावरची भाकरी उलटत, माझ्याकडे न बघता सांगितलं.

"त्या दिशी आदी आवाज आला हुता. खालून. मी जागीच हुते. मला वाटलं, कुनाचं तरी ट्रॅक्टर आलंय. तुज्या बापाला उठवावं का म्हनलं. पुन्हा म्हनलं, झोपू दे, गनपती बुडवून दमून आलंय मानूस. ट्रॅक्टरसाठी कशाला उठवू."

भाकरी करपत होती. तिनं काढली नाही, मीच काढली.

"आता गाडी आली की मला ठावं असतंय, लेकाची गाडी हाय. लई ठावं असतंय. पन पाय ऐकत न्हाईत. एकदा ट्रॅक्टर समजून पडून ऱ्हायले न्हवं मी."

मला तो आवाज आठवतो का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. आठवतो. त्यानंतर आईनं माझं मनगट धरून मला फरफटत बाहेर काढलं, तेही आठवतं. आमच्या घरात तो आवाज न ऐकलेला माणूस एकच होता, दादा. त्याला कळणार तरी कुठून? मी म्हटलं, "आई, मी सांगते त्याला. सायलेन्सर बदलायला कितीसा वेळ लागतो?" तशी ती माझ्यावर एवढी चिडली की मी मागं सरले.

"खबरदार सांगशील तर. बाप गेल्यापास्नं त्यानं सोतासाठी काय मागितलंय का? आत्ता कुठं त्वांड हासाय लागलंय त्याचं. त्याला वाटतंय मी हौसंनं येते. वाटू दे. मला काय हुतंय? चार पावलं चालनं हुतंय."

चार पावलं. मी नांदेडला परत आले ते धुसफुसत. मला दोघांचाही राग आला होता. आईचा जास्त. लेकाचं हसू टिकवायला रोज मरणाच्या दारातून पळत बाहेर यायचं, हा कसला लाड? पण तिनं बजावलं होतं, सांगता येत नव्हतं. शेवटी मी माझ्यापुरता रस्ता काढला. आवाज थोरलीलाही होता, पण कंपनीनं आवरून बसवलेला. म्हणजे दादाला थोरली घ्यायला लावायची. गाडीतलं मला ओ का ठो कळत नव्हतं, पण मी वाचायला लागले. शाळेतल्या सुट्टीत कागद तपासायच्या ऐवजी ब्रेक आणि हॉर्सपॉवर वाचायचे. सोबतच्या बाया म्हणाल्या, गाडी घेताय का? मी म्हटलं, भावाला विकायला लावतेय.

नशिबानं नांदेडच्याच एका डॉक्टरांकडे थोरली होती. त्यांची लेक दादाच्या रिपीटर बॅचमधली. आता ती परदेशात होती, डॉक्टर नवरा-बायको तिच्याकडे जायला निघाले होते आणि गाडी काढायची होती. "सरांना द्यायला आवडेल," असं त्यांनीच म्हटलं. मी दादाला आईसकट बोलावून घेतलं. त्यानं नाक मुरडलं, पण आला. येताना आई त्याच्या गाडीतून आली होती. उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि बोटं पर्सच्या बंदात अडकून बसली होती. दादा म्हणाला, "खाली बसवलीय न जरा, म्हातारीला धक्के लागतात."

डॉक्टरांनी किल्ली दिली. दादा चालवायला बसला, आई आणि मी मागे. लोह्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. गावाबाहेर पडल्यावर त्यानं गाडी सोडली. पाठ सीटला चिकटली, बाहेरची झाडं मागं पळाली, आणि आत आम्ही साध्या आवाजात बोलत होतो. दादा भराभर बोलत होता, हे बघ कसं वळतं, हे बघ ब्रेक, छान बसवलंय, छान बसवलंय लेकाच्यांनी. मला वाटलं, जमलं. लोह्याहून परत फिरलो आणि माझ्या खांद्यावर काहीतरी जड आलं. आईचं डोकं होतं. ती झोपली होती. तोंड जरासं उघडं, हात मांडीवर मोकळे. भूकंपानंतर मी माझ्या आईला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. गाडीत तर नाहीच नाही. मी अंग चोरून बसले, हलले नाही, नांदेड येऊच नये असं वाटत होतं. आरशातून दादानं मागं पाहिलं. मी डोळ्यांनीच त्याला खूण केली, बघ.

त्यानं पाहिलं. आणि डॉक्टरांच्या फाटकाशी उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "चांगली गाडी हाय बाई, न्हाई कोन म्हनतंय. पण जीव न्हाई तिच्यात. आईला सुद्दा मजा आली न्हाई. बघितलं न, झोपून गेली बिचारी."

मी तोंड उघडलं. आई त्याच्या मागंच उभी होती, पदर नीट करत. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग दादाच्या दंडाला धरून म्हणाली, "आपलीच बरी रं बाळा. हिचा आवाजच येत न्हाई. तू आलास का न्हाई, मला कसं कळावं?"

दादाचा चेहरा असा फुलला की मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांची गाडी परभणीच्या कुणीतरी घेतली. धाकटीला पुढच्या सुट्टीत इंजिनात हवा कोंबणारा अजून मोठा टर्बो बसला.

त्यानंतर आई नांदेडलाच माझ्याकडे राहायला लागली. गुडघ्याचा डॉक्टर इथं चांगला आहे, हे निमित्त. दादाला ते लागलं. मला एकदा फोनवर म्हणाला, "माझ्याकडं करमत न्हाई का गं तिला? काय कमी पडलं?" मी म्हटलं, लेकीची माया असते रे, थोडे दिवस राहू दे. मग तो रविवारी क्लास आटोपून नांदेडला यायला लागला, अर्थात गाडी घेऊन. माझ्याही फळीवर आता उपड्या पेल्यावर तांब्या होता. तो वाजायचा, आणि आई उठून फाटकात जायची. दूर आली, पण सुटका झाली नाही. मी एकदा दादा जेवत असताना विषय काढलाच. "दादा, त्या आवाजाचं जरा..." एवढंच म्हटलं. आईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि मला म्हणाली, "जेवू दे त्याला."

तिचं शेवटचं आजारपण माझ्या घरात झालं. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले, म्हणून आणलं होतं. ती पलंगावर पडून असायची, बोलणं थोडंच उरलं होतं. त्या रविवारी तिचे डोळे मिटलेले होते. मी पायथ्याशी बसून पाय चेपत होते. कोपऱ्यावर घुमायला लागलं, आणि आतमध्ये तांब्या वाजला. मी त्याला फोन करून सांगायला हवं होतं की आज गाडी लांब लाव. सुचलं नाही.

आईनं डोळे उघडले. पाय पलंगाखाली सोडायला गेली, पाय हलले नाहीत. तिनं दोनदा प्रयत्न केला. मी तिला धरून म्हटलं, "आई, दादाची गाडी हाय. दादाच आलाय."

"ठावं हाय मला." तिनं माझं मनगट चाचपून धरलं. "तू भाईर जा."

"अगं, तोच येईल आत."

"जा म्हनते न्हवं. म्या हाय हितं. तू भाईर जा."

त्या पहाटे तिनं मला ओढत नेलं होतं. आता ओढायला अंगात बळ नव्हतं, म्हणून ती तोंडानं सांगत होती. मी तिचा हात सोडवला आणि बाहेर गेले. तिचं म्हणणं पाळायचं म्हणून गेले, आणि तिच्यापाशी थांबवेना म्हणूनही.

दादानं फाटकाशी काच खाली केली होती. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या मागं दाराकडे पाहिलं. "आज आली न्हाई," असं म्हणाला आणि गाडी बंद करायची विसरून स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला. बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. गाडी तशीच घुमत होती. मी खिडकीतून हात घालून ती बंद केली.

आई गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगायचा. आमच्या आईला माझ्या गाडीचा आवाज लांबून कळायचा. पिठाचे हात तसेच घेऊन पळत यायची. गुडघे दुखायचे तिचे, तरी पळत यायची. लोक डोळे पुसायचे. मी चहाचे कप गोळा करून आत जायचे. वहिनी म्हणाल्या, आता वय झालं, गाडी द्या आणि साधीसुधी घ्या. तो म्हणाला, "हिला आई वळखत हुती," आणि विषय तिथंच संपला. आता त्याला खरं सांगितलं तर आई दुसऱ्यांदा जाईल, आणि ती या वेळी त्याच्या हातून जाईल. मला ते जमणार नाही.

तो अजून रविवारी येतो. केस पिकलेत, गाडीही जुनी झाली, आवाज तेवढाच आहे. फळीवरचा तांब्या मी काढलेला नाही. तो वाजला की माझेही पाय ऐकत नाहीत. मग मी हातातलं टाकून, असेल तशी फाटकात जाऊन उभी राहते. दादा काच खाली करतो, मला बघून हसतो आणि म्हणतो, "तुला बी लांबूनच कळतंय की गं."

मी हात पदराखाली घेते आणि म्हणते, "हाव दादा, कळतंय."